सोरखा नावाच्या दोघी

आमच्या बेटावर मेरी नावाच्या सव्वीस बायका आहेत. नुसतं 'मेरी' म्हणून ओरडलं तर अर्धं गाव दारात उभं राहील, म्हणून तसं कुणी ओरडत नाही. थोरली मेरी, टिमची मेरी, विहिरीवरची मेरी, दातपडकी मेरी, अशा हाका मारतात. मेरी हे देवाच्या आईचं नाव, ते कितीही वाटलं तरी संपत नाही. बाकीची नावं मात्र मेलेल्यांकडून घ्यायची असतात. जिवंत माणसाचं नाव पोराला ठेवायचं नाही. एका नावावर दोघं जगायला लागली की एकाला कमी पडतं.

आणि सोरखा हे नाव तर फारच जपून द्यायचं. सोरखा म्हणजे उजेड. काळोखाला आम्ही दोरखा म्हणतो, एका अक्षराचा काय तो फरक. शब्द जुना आहे, इंग्रजांच्या आधीचा, आमच्या चर्चच्याही आधीचा. सरकारी कारकुनाला तो कधीच लिहिता आला नाही. तो दर वेळी 'सॅरा' लिहून मोकळा होतो. लिही बापड्या! जुनी माणसं सांगायची, पहिली सोरखा एका कोळ्याची बायको होती. धुकं उतरलं आणि सात होड्या समुद्रात अडकल्या, तेव्हा तिनं टेकावर पीटची, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या जळाऊ मातीची, ढेकळं पेटवली. पीट संपलं तेव्हा घरातली स्टुलं जाळली, मग चरखा जाळला, मग पाळणा जाळला. सहा होड्या त्या उजेडावर परत आल्या. सातवी तिच्या नवऱ्याची होती, ती आली नाही. तेव्हापासून सगळ्यांना आपल्या मुलीचं नाव सोरखा हवं असतं, आणि तेव्हापासूनच बेटानं ठरवलंय की सोरखा एका वेळी एकच. ते नाव एकाच घराण्यात फिरतं, आजीकडून थोरल्या नातीकडे.

माझ्या शेजारच्या बाबीनच्या आईचं नाव सोरखा होतं. ती वारली तेव्हा बाबीनला सहावा महिना होता. लगेच बॉस्टनहून बाबीनच्या चुलतबहिणीचं पत्र आलं, मलाही दिवस गेलेत, मुलगी झाली तर ते नाव मला दे, इथल्या लोकांना फार आवडतं. बाबीननं उलट टपाली लिहिलं, 'चॉकलेटं पाठवायची तर पाठव. नाव मिळणार नाही.' आणि मला येता-जाता बजावायची, "मावशी, लक्षात ठेवा बरं का. पहिली मुलगी सोरखा."

मी इथली सुईण. बेटावर चालताना-बोलताना दिसतात त्यातली बहुतेक माणसं आधी माझ्या हातात आली. मी काही गोड बोलणारी बाई नाही. बाळंतिणीला दोन शिव्या घातल्याशिवाय पोर बाहेर येत नाही असं माझं ठाम मत आहे. पण माझा हात चांगला असं सगळे म्हणायचे, आणि मलाही तो फार चांगला वाटायचा. सगळी भानगड तिथंच झाली.

सात वर्षांनी, एकसष्ट सालच्या एप्रिलमध्ये, बाबीन पोरीचा हात धरून माझ्या दारात आली. पोरीचे दोन्ही तळहात सुजले होते.

"मावशी, हिला जरा बघता का?"

"कुणी मारलं हिला?"

"मास्तरांनी. हजेरी घेताना दोनदा 'हजर' म्हणते, म्हणे. वर्गाला हसवायला."

"मास्तरला हसू येत नाही ते माहीत आहे मला. ये गं इकडे." मी तिचे हात ताकात बुडवले. कातडीखाली नुसती हाडं लागली. "खरं सांग, दोनदा म्हणतेस?"

"मी एकदाच म्हणते," पोर म्हणाली. "ती आधी म्हणते."

"ती कोण?"

"सोरखा."

"आणि मग तू कोण?"

पोर विचारात पडली. खरोखरच विचारात पडली, लहान मुलं नाटक करतात तसं नव्हे. बाबीन हसायला गेली आणि तिचं हसू तिथंच राहिलं.

पोरीला मी कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर पाठवलं. मग बाबीन बोलायला लागली. पोर खात नाही. दोन बटाटे दिले तर एक बाजूला ठेवते आणि म्हणते अर्धं तिचं. दर वर्षी फ्रॉक खालून वाढवावा लागतो आणि अंगात मात्र आत घ्यावा लागतो. पलीकडच्या किनाऱ्यावरचा डॉक्टर दोनदा तपासून गेला, रक्त नेलं, छातीचे फोटो काढले, आणि म्हणाला काही नाही, मासळीचं तेल पाजा.

"आणि आणखी एक आहे. तुम्ही हसाल."

"मी कशाला हसू? बोल."

"दारातून हाक मारली ना, की ओ येते. घरामागून. तिकडे, टेकाच्या बाजूनं. आणि पोर असते समोर वाळूवर, खेळत. तिनं मान वर केलेली नसते." बाबीननं शाल अंगाभोवती ओढून घेतली. "फेस्टी म्हणतो वारा आहे. वारा काय 'ओ' म्हणतो, मावशी?"

फेस्टी म्हणजे तिचा नवरा. चांगला माणूस, होडी आणि पाइप सोडून कशाला फारसा हात लावत नाही. मी बाबीनला म्हणाले, "पोरीला अंडी घाल भरपूर. वाढत्या अंगाला होतं असं." ती गेली. मी दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसले. काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. बेटावर दुसऱ्या कुणाला कळणं शक्यच नव्हतं.

आता सांगून टाकते. चौपन्न सालच्या मार्चमध्ये, भर दुपारी, समुद्र इतका खवळला होता की डॉक्टरची होडी निघेना. बाबीनला महिनाभर आधीच कळा सुरू झाल्या. पहिली मुलगी आली ती निळी. माझ्या हाताच्या पंज्यात मावली. मी तिला उलटं धरलं, पाठीवर थोपटलं, तोंडात फुंकलं. आणि तिची छाती हलली. एकदा, मग पुन्हा एकदा. पण ही टिकणार नाही हे दिसतच होतं. अशा वेळी फादरची वाट बघायची नसते, बाप्तिस्म्याचं पाणी कुणीही घालू शकतं. मी घागरीतलं पाणी ओंजळीनं तिच्या कपाळावर घातलं, पिता-पुत्र-पवित्र आत्मा म्हटलं, आणि नाव घेतलं. दोन महिने कानांत जे भरलं होतं तेच तोंडातून आलं. सोरखा.

तेवढ्यात बाबीन किंचाळली. आत आणखी एक होतं, पायाळू, आणि रक्त थांबेना. मी पहिलीला फडक्यात गुंडाळलं आणि दाराजवळच्या बाकावर ठेवलं, कारण बाक हाताशी होता. चूल चार पावलांवर होती. चार पावलं! दाराखालून वारा येत होता हे मला माहीत होतं, माझ्याच घोट्यांना तो लागत होता. पण माझ्या मनानं त्या पोरीचा हिशेब मिटवून टाकला होता. अर्ध्या तासानं दुसरी लाल, रडकी, धडधाकट बाहेर आली, बाबीन वाचली, आणि मी बाकाकडे वळले तेव्हा फडक्यातलं पोर दगडासारखं गार होतं. चुलीपाशी ठेवली असती तर जगली असती का? मला माहीत नाही. तेव्हापासून रोज विचारलंय स्वतःला, अजून माहीत नाही.

फेस्टी आत आला. म्हणाला, "दोघी होत्या?"

"पहिली मेलेलीच आली," मी म्हणाले. कसं म्हणाले देव जाणे. बाकावर का ठेवली असं कुणी विचारू नये एवढंच डोक्यात होतं.

"पाणी घातलं?"

"मेलेल्याला पाणी घालत नाहीत, फेस्टी."

मग त्यानं तेच केलं जे इथला बाप करतो. एक खोकं घेतलं आणि टेकामागच्या किलीनमध्ये गेला. पाणी न मिळालेली पोरं तिथं पुरतात. चर्चच्या जमिनीत त्यांना जागा नाही. दगड असतात, दगडांवर काही लिहिलेलं नसतं, कारण पाणी नाही तर नाव नाही. बायका तिथं जात नाहीत. बाप एकटाच जातो आणि कुठला दगड ते घरी येऊन सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी दुसरीचा बाप्तिस्मा झाला. चर्चमध्ये तिला हातावर घेऊन मीच उभी होते. फादरनी विचारलं, नाव काय? तोंड उघडायची ती वेळ होती. मी उघडलंही. म्हणाले, "सोरखा." एका आईच्या पोटच्या दोघी, एक नाव, दोघींवर पाणी, आणि दोन्ही वेळा माझंच तोंड. त्यातली एक घरात चुलीपाशी आणि दुसरी टेकामागं बिननावाच्या पोरांत, नाव असून.

दर शनिवारी मी फादरपुढे गुडघे टेकते. शेजारणीला शिवी दिली, उपासाला अंडं खाल्लं, सगळं सांगते. हे तोवर कधी सांगितलं नव्हतं.

ताकानं पोरीचे हात बरे झाले, बाकी काही नाही. मे महिना आला आणि तिनं हाकेला येणंच सोडलं. एकदा मी बटाट्याच्या वाफ्यात वाकले होते. फेस्टी बांधावरून ओरडत होता, "सोरखा! ए सोरखा! जेवायला!" पोर माझ्यापासून दहा हातांवर शंख लावत बसली होती, ढिम्म हलली नाही. फेस्टी शेवटी चिडून खाली आला. "कान फुटलेत का गं तुझे?"

"तुम्ही मला नव्हतं बोलावलं," पोर म्हणाली. आवाजात हट्ट नव्हता. "ती गेली ना घरी."

फेस्टीनं घराकडे पाहिलं. दार उघडं होतं आणि बाबीन आत कुणाशी तरी बोलत होती. "हात धुतलेस का?" असं विचारत होती. मग तीच बाहेर आली, आमच्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि पुन्हा घरात बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. "मला वाटलं..." एवढंच म्हणाली. पोरगी मात्र शंख फ्रॉकमध्ये भरून शांतपणे जेवायला गेली. वाऱ्यात तिचे पाय बघून मला रडू आलं. काड्या होत्या नुसत्या.

पोर हातची जाणार, आणि जाणार ती माझ्यामुळे. हे कळत असूनही मी आधी काय केलं? पळवाट शोधली. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर विहिरीचं मंतरलेलं पाणी बाटलीत भरलं आणि किलीनला गेले. स्वच्छ ऊन पडलं होतं. चंडोल वर कुठंतरी गात होता. कुठला दगड तिचा ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मधोमध उभी राहिले आणि सगळ्यांनाच ऐकू जाईल असं बोलले.

"हे बघ पोरी, तुला मी घाईत एक नाव दिलं. ते मी परत घेते. त्याच्या बदल्यात मेरी घे. चांगलं आहे, देवाच्या आईचं आहे, कधी संपत नाही. सत्ताविसावी मेरी हो आणि तुझ्या बहिणीला जगू दे." आणि मी पाणी शिंपडायला लागले.

"ती नको म्हणते."

मी वळले. पोरगी किलीनच्या भिंतीवर बसली होती, पाय हलवत. कधी आली, किती वेळ बसली होती, काही कळलं नाही.

"तू इथं काय करतेस? उतर खाली!"

"ती म्हणते, तिचं तिच्याकडे आहे." पोरीनं मान कलती केली, जसं कुणी खालून बोलत असावं. "ती म्हणते, तुम्ही तिला दाराजवळ ठेवलंत."

माझ्या हातातली बाटली कधी पडली ते मला आठवत नाही.

"ती म्हणते, चूल तिकडे होती." आणि तिनं बोट दाखवलं. चार पावलांवर, एवढ्याच अंतरावर. "ती म्हणते, वारा येत होता."

त्या खोलीत तेव्हा बाबीन अर्धी बेशुद्ध होती, आणि मी होते. बाकावरचं सात वर्षांत मी माझ्या उशीलाही सांगितलं नव्हतं. मी पोरीला भिंतीवरून उचललं. सात वर्षांची मुलगी, आणि मला वाटलं रिकामी टोपली उचलतेय. तिला तशीच कडेवर घेऊन मी टेक उतरले आणि थेट बाबीनच्या घरात शिरले.

बाबीन पीठ मळत होती. फेस्टी चुलीपाशी जाळं शिवत होता. मी पोरीला चुलीजवळ बसवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पाणी, नाव, बाक, वारा. मध्ये थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

बाबीनचे हात पिठातच राहिले. म्हणाली, "ती रडली का?"

"नाही."

"श्वास घेतला?"

"घेतला. अर्धी नमो मरियाची प्रार्थना म्हणून होईल इतका वेळ तरी मी पाहिलं. पुढचं पाहिलं नाही."

"आणि मी तिथंच होते. हात लांब केला असता तर..." तिनं पिठाचा गोळा उचलून भिंतीवर मारला. "सात वर्षं तू माझ्या घरी चहा पितेस! सात नाताळ जेवलीस इथं! आणि माझी लेक तिकडे दगडाखाली, पाणी मिळालेली, नाव मिळालेली, चोरासारखी पुरलेली!"

फेस्टी उठून बाहेर गेला. खिडकीतून दिसत होता, टेकाकडे तोंड करून उभा. खोकं त्यानं नेलं होतं. त्याला मी 'मेलेल्याला पाणी घालत नाहीत' म्हणाले होते.

"बाबीन, मावशी म्हणून एकच सांगते..."

"मावशी म्हणू नकोस स्वतःला. तो शब्द या घरात संपला." तिनं हात पुसले. आता तिचा आवाज एकदम खाली आला, आणि मला तो ओरडण्यापेक्षा जास्त भयंकर वाटला. "नाव थोरलीचं. माझ्या आईचं नाव थोरल्या नातीला जातं. उद्या फेस्टी फादरकडे जाईल, तिला चर्चच्या जमिनीत आणू आणि वर दगड लावू, त्यावर सोरखा लिहू. आणि हिचं काय?"

चुलीपाशी पोर आम्हा दोघींकडे बघत होती.

"मेरी ठेव," मी म्हणाले.

"पाणी माणसावर एकदाच पडतं. तुला शिकवायला हवं का मी?"

नको होतं. पाण्यानं दुसऱ्यांदा नाव मिळत नाही. मग एकच रस्ता उरतो, जिवंत माणसानं आपलं नाव आपल्या हातानं काढून द्यायचं. माझ्या लहानपणी दक्षिण किनाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्यानं आपल्या भाच्याला तसं दिलं होतं. भाचा जगला. म्हातारा दोन वर्षांनी जेवणाच्या टेबलावर बसलेला असायचा आणि घरची माणसं त्याचं ताट मांडायला विसरायची. मुद्दाम नव्हे, विसरायचीच.

"एखाद्या मेरीला विचार," मी म्हणाले. "त्यांच्या नावाला तळ नाही. कुणीही देईल."

"मेरीनं काय चूक केलीय?" बाबीन म्हणाली.

माझं नाव ओनोरा. आईच्या आजीचं. बेटावर दुसरी ओनोरा नाही, माझ्या मागं ते घ्यायलाही कुणी नाही. तरी मला ते द्यावंसं वाटेना. खोटं कशाला बोलू, आयुष्यात पहिल्यांदा मला ते नाव इतकं गोड वाटलं. माझ्या आईनं हाक मारलेलं, माझ्या नवऱ्यानं होडीतून ओरडलेलं. ते गेलं की त्या हाकाही जाणार. मी नाही म्हटलं असतं तर बाबीननं मला ओढून आणलं नसतं. ती नुसती उभी होती. चुलीपाशी पोरीनं आपला एक हात शेजारी, रिकाम्या जागेवर, कुणाच्या तरी हातावर ठेवावा तसा ठेवला होता, आणि तिची मान हळूहळू त्या बाजूला झुकत होती.

मी गुडघ्यांवर बसले. मोडके गुडघे, कडकड वाजले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ओनोरा हे नाव माझं. ते मी तुला देते. मागं काही ठेवत नाही."

"आणि तुम्ही?" पोरीनं विचारलं.

"मला म्हातारीला काय करायचंय आता? घे गं बाई."

बाबीन दारात गेली. मागच्या दारात, टेकाकडच्या. तिनं हाक मारली, "सोरखा!" ओ आली. बाहेरून, उन्हातून, अगदी स्पष्ट, लहान मुलीची. बाबीननं चौकट घट्ट धरली, पण हलली नाही. चुलीपाशी पोरीनं मानही वळवली नाही. मग बाबीन आत वळली आणि म्हणाली, "ओनोरा."

"ओ," पोर म्हणाली.

माझेही ओठ उघडले होते. बाबीननं ते पाहिलं. मी मिटले आणि घरी आले.

फादरनी मला जे सुनावायचं ते सुनावलं. थोरलीला चर्चमागं जागा मिळाली. मास्तरनं हजेरीत नाव बदललं, आणि त्यानंतर 'हजर' एकदाच यायला लागलं. आणि धाकटी? काय सांगू! वर्षभरात नुसती फुगली. दोन बटाट्यांवर तिसरा मागते, साखर चोरते, मास्तरच्या खुर्चीवर खेकडा ठेवते. मला तर वाटतं थोडी आगाऊच झालीय. माझं मात्र म्हाताऱ्याचं झालं तसंच सुरू झालं. दुकानात माझ्या पुढून लोक आपापलं सामान घेऊन जातात. पोस्टमन माझ्या दारावरून जातो आणि पत्र खिशातच राहतं. आताशा लोक मला 'सुईण' म्हणतात, आणि बाळंतपणाला मात्र पलीकडून नर्सला बोलावतात. बाबीन तर नजरेला नजरच देत नाही. शेजारचं घर, मध्ये हातभर उंचीची भिंत, आणि वर्षभरात एक शब्द नाही.

पुढच्या मे महिन्यात बेटावर गोवर आला. सात पोरं आजारी पडली, त्यात आमची ही सगळ्यांत जास्त. तिसऱ्या दिवशी पोरीनं तापात डोळे फिरवले, असं दातपडकी मेरी माझ्या खिडकीसमोर कुणाला तरी सांगत होती, मी आत आहे हे तिच्या ध्यानातही नव्हतं. होडी निघण्यासारखा समुद्र नव्हता. दुपारी बाबीननं हाका मारायला सुरुवात केली. जाणाऱ्याला त्याच्या नावानं हाक मारून धरून ठेवायचं असतं, ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे.

"ओनोरा! ओनोरा गं! ओनोरा!"

भिंतीपलीकडून प्रत्येक हाक माझ्या अंगावर येत होती. साठ वर्षांची सवय. पहिल्या हाकेला मी खुर्चीतून उठलेही होते. जीभ आपोआप हलायची. त्या आवाजात माझी आई होती, माझा नवरा होता, आणि मला कुणी त्या नावानं हाक मारून वर्ष झालं होतं. 'ओ' म्हणावंसं किती वाटलं असेल! पण एक ओ माझ्या तोंडून गेली असती तर ती पोरीच्या वाट्यातली गेली असती. मी शालीचं टोक तोंडात कोंबलं आणि वरून दोन्ही हात दाबून धरले. दार उघडं ठेवून, उंबरठ्यावर बसून, ऐकत राहिले. बाबीनचा आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. मीही हात काढले नाहीत. नाकानं श्वास घेत होते आणि रडत होते.

ऊन कलायच्या आधी आतून ओ आली. बारीक, घशात अडकलेली. एकच.

थोड्या वेळानं बाबीन बाहेर आली. केस सुटलेले, डोळे लाल. ती भिंतीपाशी आली आणि वर्षात पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या तोंडातली शाल बघितली, हात बघितले. तिला कळलं. तिचा चेहरा एकदम कसानुसा झाला आणि मला हाक मारायला तिनं तोंड उघडलं. तशीच उभी राहिली. मला मारण्यासारखी हाकच तिच्याकडे उरली नव्हती.

मग ती पोरीला दूध द्यायला आत गेली.